नौकेतले गाणे आणि पाण्याचा स्वभाव

पूर्णा नदीच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेला खारपाणपट्टा वऱ्हाडाला नवा नाही. तेथील विहिरीचे पाणी कूलरला वापरले की पहिल्याच उन्हाळ्यात जाळ्यांवर पांढरे पापुद्रे धरतात, दुसऱ्या उन्हाळ्यात पंप अडखळू लागतो आणि तिसऱ्या वर्षी पत्र्याची टाकी बुडातून गळू लागते. क्षार धातूचे काय करतो, हे या प्रदेशातील गृहिणीला कोणत्याही अभियंत्याइतके ठाऊक असते. म्हणूनच मोटारीतला स्टिरिओ जसाच्या तसा उचलून समुद्रावरच्या नौकेत बसवला, तर तो वर्ष-दोन वर्षांत खरखरू का लागतो, हे वऱ्हाडी वाचकाला फार समजावून सांगावे लागत नाही.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या प्रदेशाला नौकेतल्या संगीताची उठाठेव कशाला, असा प्रश्न मात्र स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर कुटुंबांच्या सुट्ट्यांमध्ये सापडते. मुक्तागिरीची वंदना आटोपून परतवाड्यामार्गे चिखलदऱ्याला चढणारी मंडळी शक्कर तलावावर नौकाविहारासाठी थांबतात. दिवाळीनंतर गोव्याला जाणारे कुटुंब पणजीच्या धक्क्यावर मांडवीतील सायंकाळच्या फेरीचे तिकीट काढते. मुले अमेरिकेत स्थिरावली असतील, तर उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलेल्या आई-वडिलांना मिनेसोटातील मिनेटोंका किंवा जॉर्जियातील लॅनिअर अशा एखाद्या सरोवरावर ‘पंटून’ नावाच्या सपाट नौकेत हमखास बसवले जाते. ॲल्युमिनिअमच्या दोन किंवा तीन लांबोळ्या नळकांड्यांवर बांधलेला हा एक तरंगता ओटाच असतो. वर कापडी छत, कडेने बाके, मागे पेट्रोलवर चालणारे इंजिन आणि पुढच्या कोपऱ्यात दोन स्पीकर. हे स्पीकर बहुधा नौकेबरोबर आलेले, स्वस्तातले आणि उन्हाने फाटलेले असतात. मग घरातील तरुण मंडळी नवी यंत्रणा बसवण्याचा बेत करतात आणि वडीलधाऱ्यांना दोन चिंता लागतात : खर्च किती आणि आवाज किती. त्यांनी याहून अधिक काळजीने विचारावा असा तिसरा प्रश्न विजेचा आहे. त्याकडे पुढे येऊच.

नौकेवरील संगीताचे एक टोक मांडवीवर दिसते. गोवा पर्यटन विकास महामंडळाची ‘सांता मोनिका’ ही नौका पणजीहून सायंकाळी पर्यटकांना घेऊन निघते. तिच्यावर मंच असतो, गाणी आणि लोकनृत्ये होतात. तिथला ध्वनिवर्धक एखाद्या छोट्या नाट्यगृहाला शोभेल असाच लागतो, कारण शेकडो माणसांना ऐकू जावे लागते आणि विजेसाठी जनित्र असते. दुसरे टोक म्हणजे सात-आठ माणसांची घरगुती नौका. तिच्यात जनित्र नसते; असते ती एक १२ व्होल्टची बॅटरी, आणि बहुतेक वेळा इंजिन सुरू करण्याचे कामही त्याच बॅटरीकडे सोपवलेले असते. पहिल्या नौकेवरचे पाहून दुसरीत तसेच काही करण्याची हौस अनेकांना येते. बहुतेक फजित्यांचा उगम त्या हौसेत आहे.

मोटारीचा स्पीकर बंद दारात राहतो. त्याला थेट ऊन लागत नाही, पाण्याचा फवारा लागत नाही, आणि गाडीच्या काचा बंद असल्या की आवाजाला भिंतीही मिळतात. नौकेत यातले काहीच नाही. कागदी पडद्याचा स्पीकर ओल धरून फुगतो आणि मग कोरडा होताना वाकतो. म्हणून नौकेसाठी पॉलिप्रॉपिलीनसारख्या प्लॅस्टिकचा पडदा आणि रबराची किनार घेतात. साध्या लोखंडी जाळीला गंज चढतो, तिथे गंजरोधक पोलाद लागते. ऊन हा तर पाण्याइतकाच मोठा शत्रू आहे. अकोल्याचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे, ज्या गावाचे तापमान देशात सर्वाधिक नोंदले गेल्याची बातमी जवळजवळ दर उन्हाळ्यात छापून येते, त्यांना अंगणातील प्लॅस्टिकच्या खुर्चीचे दोन वर्षांत काय होते हे माहीत आहे. ती पांढुरकी पडते, मग एके दिवशी बसताक्षणी कडकन मोडते. अतिनील किरणांना तोंड देणारे प्लॅस्टिक वेगळे बनवावे लागते आणि चांगल्या कंपन्या त्याची, तसेच खाऱ्या धुक्याची, स्वतंत्र चाचणी करतात. वेष्टनावर नुसता ‘मरीन’ हा शब्द छापलेला असणे आणि या चाचण्यांचा उल्लेख असणे, यांत फरक आहे. खरेदीच्या वेळी तो पाहावा.

त्याच वेष्टनावर ‘आयपी’ या अक्षरांपुढे दोन अंक असतात. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीसाठी ६ म्हणजे आत कणही शिरत नाही. पाण्यासाठी ५ म्हणजे नळीचा झोत सहन होतो, तर ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे राहूनही आत पाणी जात नाही. पहिल्या अंकाच्या जागी ‘एक्स’ असेल तर धुळीची चाचणी नोंदवलेली नाही, इतकाच त्याचा अर्थ. आता एक बारकावा. पुष्कळ स्पीकर फक्त समोरच्या बाजूनेच जलरोधक असतात. मागची बाजू कोरड्या पोकळीत राहील असे गृहीत धरलेले असते. आसनाखालच्या ज्या कप्प्यात ओले टॉवेल आणि दोर टाकले जातात, तिथे असा स्पीकर उघड्या पाठीने बसवला की वेष्टनावरचा अंक काही कामाचा राहत नाही.

आता आवाजाच्या हिशेबाकडे वळावे. या विषयात सर्वांत जास्त पैसा येथेच वाया जातो. दुकानात वॅटचे आकडे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असतात : ५००, १०००, १२००. हे आकडे बहुधा क्षणभराच्या कमाल शक्तीचे असतात. उपयोगी आकडा असतो तो सतत देता येणाऱ्या शक्तीचा, जो इंग्रजीतील ‘आरएमएस’ या अक्षरांनी दाखवतात, आणि तो पुष्कळदा मोठ्या आकड्याच्या चौथाईही नसतो. त्याहून महत्त्वाची आहे स्पीकरची संवेदनक्षमता. एक वॅट वीज दिली असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज निघतो, हे ती सांगते. डेसिबलचे गणित बेरजेचे नसून गुणाकाराचे आहे. शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट मोठा वाटावा यासाठी साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. याचा व्यावहारिक अर्थ असा की ८७ डेसिबलचा स्पीकर काढून ९० डेसिबलचा बसवला, तर ५० वॅटचा ॲम्प्लिफायर १०० वॅटचे काम करू लागतो. बॅटरीवर एका पैशाचाही बोजा वाढत नाही. दुकानदार हे क्वचितच सांगतो. मोठा ॲम्प्लिफायर विकण्यात त्याला अधिक रस असावा.

उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. एक मीटरवर ९० डेसिबल असलेला आवाज दोन मीटरवर ८४ आणि चार मीटरवर ७८ उरतो. इंजिनाचा गोंगाट मात्र सर्व नौकेत भरलेला असतो. म्हणून पुढच्या टोकाला दोन दणकट स्पीकर लावून मागच्या बाकापर्यंत आवाज पोहोचवण्याचा हट्ट धरला की पुढे बसलेल्या आजी कानावर हात ठेवतात आणि मागची मुले ‘अजून वाढवा’ म्हणत राहतात. चार किंवा सहा लहान स्पीकर माणसांच्या जवळ, बाकांच्या उंचीला आतल्या दिशेने तोंड करून लावले तर एकूण आवाज कमी ठेवूनही प्रत्येकाला शब्द न् शब्द ऐकू येतो. भजनाचे किंवा जुन्या भावगीताचे शब्द हरवले तर उरतो तो केवळ ठेका. नौकेतील नवी यंत्रणा चांगली की वाईट, याची परीक्षा खरे तर इंजिन मंद चालू असताना कमी आवाजात गाण्याचे शब्द कळतात का, यावर करावी.

खर्जाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. खोलीत भिंती आणि कोपरे खालच्या स्वरांना आधार देतात. नौकेत तो आधार नसल्याने तबल्याचा डग्गा पोकळ वाटतो आणि मग सबवूफरची मागणी पुढे येते. बंद पेटीतला एक मध्यम आकाराचा सबवूफर, तोही आसनाखाली घट्ट बसवलेला, घरगुती नौकेला पुष्कळ होतो. स्पीकरमधील चुंबकामुळे मात्र होकायंत्राची सुई ढळू शकते. समुद्रावर जाणाऱ्या नौकेत स्पीकर होकायंत्राच्या शेजारी बसवू नये आणि बसवल्यानंतर सुई पुन्हा तपासून घ्यावी.

आता विजेचा प्रश्न. वऱ्हाडातील घरांनी भारनियमनाची वर्षे इन्व्हर्टरवर काढली आहेत, त्यामुळे बॅटरीवरचा ‘एएच’ हा आकडा कोणालाच परका नाही. १०० एएच म्हणजे कागदावर ५ अँपिअरचा प्रवाह २० तास. परंतु शिसे-आम्लाची बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हाताशी खरे ५० एएचच धरावे. चार स्पीकरना प्रत्येकी ५० वॅट देणारा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात चालवला तर २०० वॅट बाहेर पडतात. नव्या ‘डी’ वर्गाच्या ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता सुमारे ८० टक्के धरली, तर बॅटरीतून २५० वॅट, म्हणजे जवळजवळ २० अँपिअर जातात. जुन्या ‘एबी’ वर्गाच्या ॲम्प्लिफायरमध्ये निम्म्याच्या आसपास वीज उष्णतेतच जाते, त्यामुळे तोच आवाज काढायला ३० अँपिअरपेक्षा जास्त लागतात. सुदैवाने संगीत सतत कमाल पातळीवर नसते आणि सरासरी खर्च याच्या काही अंशाइतकाच येतो. तरीही इंजिन बंद करून, नांगर टाकून, तीन-चार तास गाणी लावून जेवणखाण करायचे, दिवे आणि शीतपेटी त्याच बॅटरीवर चालवायची आणि अंधार पडल्यावर इंजिनाची किल्ली फिरवायची, असा क्रम असेल तर किल्ली फिरल्यावर केवळ ‘टक्’ असा एक आवाज येण्याची दाट शक्यता असते.

मोटार रस्त्यात बंद पडली तर चार माणसे उतरून ढकलतात. पाण्यावर ती सोय नाही. वारा नौकेला दगडी काठाकडे नेत असेल, सोबत लहान मुले असतील आणि फोनला रेंज नसेल, तर त्या एका ‘टक्’ची किंमत फार मोठी होऊ शकते. म्हणून नव्या यंत्रणेत पहिला खर्च दुसऱ्या बॅटरीवर करावा. एक बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी राखीव. तिला गाण्याची तार लागताच कामा नये. दुसरी गाणी, दिवे आणि इतर सोयींसाठी. इंजिन चालू असताना दोन्ही भराव्यात आणि बंद होताच त्या एकमेकींपासून अलग व्हाव्यात, यासाठी स्वयंचलित रिले मिळतात. लिथिअम-लोह-फॉस्फेटच्या बॅटरीतील ८० टक्क्यांहून अधिक साठा वापरता येतो आणि वजनही कमी भरते, पण तिच्यासाठी चार्जिंगची व्यवस्था वेगळी लागते. जुन्या इंजिनाच्या अल्टरनेटरला ती थेट जोडणे हे काम जाणकाराला विचारल्याविना करू नये.

तारांबद्दलही थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. तांब्याच्या उघड्या तारेला दमट हवेत हिरवट जंगाल चढते आणि ते आवरणाच्या आतून हातभर पुढे सरकत जाते. पूर्वी दारोदार येणारा कल्हईवाला पितळी पातेल्याला कथिलाचा मुलामा देत असे. नौकेच्या तारेतील प्रत्येक तंतूलाही तसाच मुलामा दिलेला असतो. अशी कल्हईची तार महाग मिळते, पण टिकते. तिची जाडीही हिशेबाने घ्यावी लागते. बॅटरीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जाऊन-येऊन १० मीटर अंतर असेल आणि ४ चौरस मिलिमीटरची तार घातली, तर २० अँपिअरला सुमारे ०.८६ व्होल्ट वाटेतच संपतात. १० चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच घट ०.३४ व्होल्ट राहते. बारीक तारेत हरवलेली वीज कुठे जात नाही. ती उष्णता होऊन तारेतच राहते.

फ्यूज ॲम्प्लिफायरजवळ असून भागत नाही, तो बॅटरीजवळ हवा. ‘अमेरिकन बोट ॲन्ड यॉट कौन्सिल’ या संस्थेच्या मानकात हे अंतर सर्वसाधारणपणे ७ इंच सांगितले आहे, म्हणजे वीतभराहूनही कमी. कारण उघड आहे : बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधील तार घासून उघडी पडली तर तिला रोखणारे काहीच नसते. दुसरी दक्षता पेट्रोलच्या वाफेची. ही वाफ हवेहून जड असल्याने नौकेच्या तळाशी साचते. साधा रिले किंवा स्विच उघडताना-मिटताना ठिणगी पडते. पेट्रोल इंजिनाच्या बंद कप्प्यात अशी उपकरणे ठेवणे म्हणजे स्वयंपाकघरात गॅस गळत असताना काडी ओढण्यासारखे आहे. तिथे ठिणगीरोधक म्हणून प्रमाणित साधनेच चालतात. ॲम्प्लिफायर तर त्या कप्प्याबाहेरच असावा.

वजनाचा विचार बहुधा कोणी करीत नाही. १०० एएचची शिसे-आम्लाची बॅटरी २५ ते ३० किलोची असते. दोन बॅटऱ्या, सबवूफरची पेटी आणि ॲम्प्लिफायर मिळून एका प्रौढ माणसाचे वजन सहज भरते. तेवढा एक माणूस कमी बसवावा लागतो. वऱ्हाडात तरी हा मुद्दा कोणी हलक्यावारी नेऊ नये. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरूड तालुक्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जणांचा बळी गेला. त्या नावेत स्टिरिओ नव्हता, आणि त्या दुर्घटनेचा संगीताशी काही संबंधही नाही. पण पाण्यावर चढवलेल्या प्रत्येक किलोचा हिशेब द्यावा लागतो, हे अमरावती जिल्ह्याला त्या दिवसापासून वेगळे सांगण्याची गरज नाही. घरात नौकेसाठी पैसे बाजूला काढलेले असतील तर आधी प्रत्येक डोक्यामागे एक जीवरक्षक जाकीट, मुलांच्या मापाची वेगळी. त्यानंतर उरतील त्यांत गाणे. देशांतर्गत जलमार्गांवरील यांत्रिक नौकांची नोंदणी, तपासणी आणि जीवरक्षक साधने यांसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा ‘अंतर्देशीय नौका अधिनियम’ आला आहे. सुट्टीत भाड्याने नौका घेतानाही चालकाला नोंदणीचा आणि जाकिटांचा प्रश्न विचारण्यात संकोच नसावा.

पाण्यावर कानांना करमणुकीखेरीज दुसरेही काम असते. समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांतील पाचव्या नियमानुसार नौकेवर सतत पहारा ठेवायचा असतो, आणि तो डोळ्यांनी तसाच कानांनीही. धुक्यात येणाऱ्या जहाजाचा भोंगा, वायरलेसच्या १६ क्रमांकाच्या वाहिनीवरची आपत्कालीन हाक, मागच्या बाजूला पाण्यात पडलेल्या मुलाची आरोळी : यांपैकी काहीही गाण्याखाली दबू शकते. म्हणून डेकचा आवाज एका बोटाने झटकन बंद करता येईल असा ठळक खटका सुकाणूजवळ असणे हे रंगीत पडद्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे आहे. नव्या डेकमध्ये ही सोय असते, पण ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. फिरवायची जाड कळ असलेला डेक निवडावा.

मुलांच्या कानांचा हिशेबही मांडून ठेवावा. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो असे धरले जाते. ८८ डेसिबलला ती मुदत चार तासांवर आणि ९१ ला दोन तासांवर येते. इंजिन आणि गाणे एकत्र धरल्यास पंटूनवर हा आकडा गाठणे मुळीच अवघड नाही.

राहिला प्रश्न काठावरच्यांचा. सायंकाळी पाण्यालगतची हवा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो. अशा वेळी वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो, पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून परावर्तित होतो आणि दूरवर पोहोचतो. नदीपलीकडच्या शेतातली कुजबुज तिन्हीसांजेला अलीकडे ऐकू येते, ती याचमुळे. नौकेत बसलेल्यांना बेताचे वाटणारे गाणे दूरच्या काठावरच्या घरात स्पष्ट ऐकू जाते. आपल्याकडे ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर शांतता क्षेत्रात ५० आणि ४० डेसिबल अशी मर्यादा घालतात. रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धकाला मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात ही मनाई अधिक ठामपणे उचलून धरली. नौका पाण्यावर आहे म्हणून ती या नियमांच्या बाहेर जात नाही.

अकोल्याजवळचे महानचे धरण आणि त्याच्या काठचे काटेपूर्णा अभयारण्य हे तर याहून नाजूक ठिकाण. याच जलाशयातून अकोला शहराची तहान भागते, याच्या काठच्या रानात चौशिंगा वावरतो आणि हिवाळ्यात पाण्यावर परदेशी पक्षी उतरतात. सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणाचा नल-दमयंती सागर अमरावतीला पाणी पाजतो. अशा पाण्यावर स्पीकर नेण्याचा विचारच मनात येऊ नये, असे स्पष्ट म्हणावेसे वाटते. पाण्यावर टेकलेला बदकांचा थवा आवाजाने उठला की हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी साठवलेल्या चरबीतून त्याला त्या उड्डाणाची किंमत मोजावी लागते. दिवसात चार वेळा असे घडले तर पक्षी ती जागा सोडून देतात. चिखलदऱ्याच्या शक्कर तलावावरही वल्ह्याच्या किंवा पायडलच्या नौकेत हातातला ब्लूटूथ स्पीकर वाजवणारी मंडळी दिसली, तर त्यांना मेळघाटच्या कुशीत एवढे अंतर चढून येण्याचा उद्देश विचारावासा वाटतो.

ज्यांना नौकेत संगीत हवेच आहे आणि जिथे त्याला हरकत नाही, त्यांच्यासाठी कामाचा क्रम बहुतेकांच्या सवयीच्या उलट आहे. बहुतेक जण आधी चमकदार डेक घेतात, मग स्पीकर, मग ॲम्प्लिफायर आणि तारा उरलेल्या पैशांत. याऐवजी बॅटरी आणि तारा आधी, मग संवेदनक्षम स्पीकर, मग गरज वाटली तर ॲम्प्लिफायर आणि डेक अखेरीस. पुष्कळांना असे आढळते की दुसऱ्या टप्प्यावरच काम भागले. कारण जुना डेक वाईट नव्हताच. त्याच्या तारा जंगाल चढून कुजल्या होत्या आणि स्पीकरचे पडदे उन्हाने तडकले होते.

हंगाम संपल्यावर खाऱ्या पाण्यातील नौकेचे स्पीकर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावेत. झोताचा नळ त्यांच्यावर धरू नये. मिनेसोटासारख्या ठिकाणी हिवाळ्यात बॅटरी नौकेतून काढून पूर्ण भरून ठेवतात, कारण भरलेली शिसे-आम्लाची बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, तर उतरलेली शून्याखाली दहा अंशांच्या आसपासच गोठून फुटते. वऱ्हाडात अडचण नेमकी उलटी. उन्हात ठेवलेल्या बॅटरीचे आयुष्य दर आठ-दहा अंश वाढीला साधारण निम्मे होत जाते. तिला सावलीत, हवेशीर जागी ठेवावे आणि डिस्टिल्ड वॉटरची पातळी महिन्यातून एकदा पाहावी. विहिरीचे पाणी घालणे खारपाणपट्ट्यात तरी कोणाच्या मनात येणार नाही.

यंत्रणा बसवून झाली की पहिली चाचणी धक्क्याला बांधलेल्या नौकेतच घ्यावी. नेहमीच्या आवाजात तासभर गाणी लावून दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्टेज मोजावे. गाण्याची बॅटरी १२.२ व्होल्टच्या जवळ आली असेल, तर ती निम्मी उतरली असे समजावे. इंजिनाच्या बॅटरीचा काटा हललेलाही नसावा. मग जोडांवर हात ठेवून कुठे ऊब लागते का ते पाहावे. आणि घरातील एखाद्याला सूर्यास्तानंतर पलीकडच्या काठावर पाठवावे. तिथे त्याला गाण्याचे शब्द कळत असतील, तर कळ आणखी दोन खुणा मागे फिरवावी आणि तिथेच रंगाचा एक ठिपका लावून ठेवावा.